प्रश्न वाचकांचे : बूस्टर घेण्याआधी

घरात दुसरा किंवा तिसरा टीव्ही आला की केबलचे चित्र अडखळू लागते, मग दुकानदाराच्या सल्ल्याने बूस्टर, म्हणजे सिग्नल वाढवणारे उपकरण, आणला जातो आणि पुष्कळदा त्याने काहीच साधत नाही, अशा आशयाची बरीच पत्रे या सदराकडे आली आहेत. त्यांतील निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहोत. सारख्या स्वरूपाच्या पत्रांपैकी एकच घेतले असून पत्रांतील मजकूर संक्षिप्त केला आहे.

प्रश्न : आमच्या सदनिकेत तीन टीव्ही आणि तीन सेट टॉप बॉक्स आहेत. केबलची वायर दिवाणखान्यात येते तेथे फोर-वे स्प्लिटर लावलेला असून त्याचे एक तोंड रिकामे आहे. दिवाणखान्यातील आणि शेजारच्या खोलीतील चित्र स्वच्छ दिसते. मागच्या खोलीत मात्र काही ठरावीक वाहिन्यांवर चौकोन पडतात व आवाज तुटतो. त्या खोलीकडे जाणारी वायर जुनी, बारीक आणि भिंतीतल्या पाइपातून सुमारे २५ मीटर गेलेली आहे. तेथे पूर्वी आणखी एक टीव्ही होता, त्याच्यासाठी बसवलेला टू-वे स्प्लिटर अजून तसाच आहे. केबलवाल्याच्या माणसाने मीटर लावून वायर घरात येते तेथे ६३ हा आकडा दाखवला आणि सिग्नल चांगला असल्याचे सांगितले. दुकानदार २० डीबीचा बूस्टर लावायला सांगतो. लावावा का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : लावू नये. आपल्या घरात सिग्नल पुरेसा येतो आहे. तो वाटेत वाया जातो. किती आणि कोठे वाया जातो, याचा हिशेब आपण पत्रात दिलेल्या माहितीवरूनच मांडता येतो.

मीटरवरचा ६३ हा आकडा डीबी मायक्रोव्होल्ट या एककात असतो. या मापात ६० म्हणजे एक मिलिव्होल्ट, आणि आकडा २० ने घटला की व्होल्टेज दहाव्या हिश्श्यावर येते. डेसिबलची, म्हणजेच डीबीची, सोय अशी की गुणाकार-भागाकार न करता नुसती बेरीज-वजाबाकी पुरते. सेट टॉप बॉक्सच्या तोंडाशी साधारण ४५ ते ७० यांच्या दरम्यान पातळी असली म्हणजे तो नीट चालतो. मात्र अगदी ४५ वर न राहता ५० च्या वर राहिलेले बरे, कारण उन्हाळ्यात वायर तापली की तिच्यातील घट थोडी वाढते आणि काठावर चालणारा बॉक्स तेवढ्यानेही अडखळतो.

आता वजाबाकी करू. फोर-वे स्प्लिटर सिग्नलचे चार वाटे करतो. हिशेबाने प्रत्येक वाट्याला ६ डीबीची घट येते आणि स्प्लिटरच्या आतली घट धरून ती प्रत्यक्षात ७ ते ७.५ होते. चौथे तोंड रिकामे असले तरी बाकीच्या तिघांना त्याचा वाटा मिळत नाही, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. ६३ मधून ७.५ गेले, राहिले ५५.५. आपल्या वर्णनावरून भिंतीतली वायर आरजी-५९ जातीची असावी. वरच्या फ्रीक्वेन्सीला, म्हणजे ८५० मेगाहर्ट्झच्या आसपास, तिच्यात १०० मीटरला सुमारे २६ डीबीची घट होते. म्हणजे २५ मीटरला साडेसहा. राहिले ४९. त्यापुढे तो विस्मरणात गेलेला टू-वे स्प्लिटर आणखी ३.५ ते ४ डीबी खातो. बॉक्सपर्यंत पोहोचले जेमतेम ४५.

चौकोन ठरावीक वाहिन्यांवरच का पडतात, याचेही उत्तर यातच आहे. डिजिटल केबलमध्ये प्रत्येक वाहिनीला वेगळी फ्रीक्वेन्सी नसते. ८ मेगाहर्ट्झ रुंदीच्या एका वाहक लहरीवर, लहरीवर माहिती चढवण्याच्या ‘६४ क्वाम’ पद्धतीत, सेकंदाला सुमारे ३८ मेगाबिट माहिती जाते आणि तेवढ्यात अनेक वाहिन्या एकत्र बसवलेल्या असतात. वायरमधील घट फ्रीक्वेन्सीबरोबर वाढत जाते. चांगल्या आरजी-६ वायरमध्येसुद्धा ५५ मेगाहर्ट्झला १०० मीटरमागे पाच-सहा डीबी जातात, तर ८५० मेगाहर्ट्झला २० च्या आसपास. त्यामुळे वरच्या फ्रीक्वेन्सीवरचा वाहिन्यांचा गट आधी कोलमडतो आणि खालच्या वाहिन्या मात्र निर्वेध दिसत राहतात. जुन्या अॅनालॉग केबलमध्ये सिग्नल उतरला की चित्रावर हळूहळू मुंग्या येत. डिजिटलमध्ये तशी पूर्वसूचना मिळत नाही. एका मर्यादेपर्यंत चित्र निर्दोष असते आणि तिच्याखाली दोन-तीन डीबी गेले की थेट चौकोन किंवा काळा पडदा. केबलवाल्याच्या माणसाने ६३ हा आकडा कोणत्या फ्रीक्वेन्सीवर घेतला, हे म्हणूनच विचारून घ्यावे. तो खालच्या टोकाचा असेल, तर वरच्या टोकाला तो ५७-५८ सुद्धा असू शकतो.

उपाय तीन आहेत आणि ते याच क्रमाने करावेत. मागच्या खोलीतील टू-वे स्प्लिटर काढून वायर सरळ बॉक्सला जोडावी. फोर-वेच्या जागी असमान वाटणीचा थ्री-वे स्प्लिटर लावावा. त्याच्या एका तोंडावर ३.५ आणि उरलेल्या दोन तोंडांवर ७ असे आकडे छापलेले असतात. ३.५ चे तोंड लांबच्या खोलीला द्यावे आणि ७ ची दोन जवळच्या टीव्हींना. एवढ्याने मागच्या खोलीत ६३ वजा ३.५ वजा ६.५, म्हणजे ५३ मिळतात आणि जवळच्या दोन टीव्हींना ५६. तिसरा उपाय वायर बदलण्याचा. पाइपात जागा असेल, तर जुन्या वायरच्याच टोकाला नवी आरजी-६ बांधून ओढून घेता येते आणि आणखी दीड डीबी हाती लागतो. पहिल्या दोन उपायांनी काम झाले, तर तिसऱ्याच्या वाटेला जाण्याची गरज नाही.

हे करताना प्रत्येक टोकाची पिन, म्हणजे एफ कनेक्टर, उघडून पाहावी. आमच्या पाहण्यात येणारा निम्म्याहून अधिक बिघाड या बोटभर जागेतच असतो. वायर सोलल्यावर बाहेरची जाळी मागे दुमडून घ्यावी लागते. तिचा केसाएवढा एक तंतू जरी मधल्या तांब्याच्या तारेला टेकला, तरी सिग्नल जागीच शॉर्ट होतो. मधल्या तारेभोवतीचा पांढरा थर कनेक्टरच्या आतल्या कडेशी समपातळीत थांबला पाहिजे आणि मधली तार कनेक्टरच्या तोंडाबाहेर सुमारे ३ मिलिमीटर आली पाहिजे. ती कमी पडली तर संपर्क कधी होतो, कधी होत नाही; फार लांब राहिली तर स्प्लिटरच्या आतली पट्टी वाकते आणि ते तोंड कायमचे सैल होते. पिळून बसवायच्या कनेक्टरपेक्षा दाबयंत्राने बसवायचा कनेक्टर घ्यावा. दोन वायरींच्या तारा हाताने पिळून वर चिकटपट्टी गुंडाळलेला जोड कोठे आढळला, तर तो कापून टाकून दोन कनेक्टर व त्यांना जोडणारी मधली बॅरल वापरावी. त्या पिळलेल्या जोडात सिग्नल केवळ घटत नाही, तर परतून मागे जातो आणि घरातील दुसऱ्याच टीव्हीचे चित्र बिघडवू शकतो.

प्रश्न : बंगल्यात चार टीव्ही आहेत. वरच्या मजल्यावरचे चित्र अडकते म्हणून तेथील टीव्हीच्या मागे बूस्टर लावला. बॉक्सच्या सेटिंगमध्ये पूर्वी स्ट्रेंथ ५५ टक्के दिसत होती, ती आता ९५ टक्के दिसते; चित्र मात्र पूर्वीपेक्षा वाईट झाले आहे. बूस्टर सदोष आहे का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : बूस्टर बहुधा चांगला आहे, त्याची जागा चुकली आहे. बॉक्सच्या त्याच पानावर स्ट्रेंथच्या खाली क्वालिटी असा दुसरा आकडा असतो, तो आपण दिलेला नाही. स्ट्रेंथ म्हणजे सिग्नल किती मोठा आहे आणि क्वालिटी म्हणजे तो गोंगाटापासून किती वेगळा ओळखू येतो. बॉक्सला गरज असते ती दुसऱ्याची. या टक्केवाऱ्या प्रत्येक कंपनीच्या बॉक्समध्ये वेगळ्या बेताने काढलेल्या असतात, त्यामुळे शेजाऱ्याच्या बॉक्सशी त्यांची तुलना करू नये. आपल्याच बॉक्सवर बदलापूर्वीचा व बदलानंतरचा आकडा तेवढा ताडून पाहावा.

सभेत मागे बसलेल्या माणसाला भाषण ऐकू येत नसेल, तर ध्वनिक्षेपकाचा माइक वक्त्यापुढे ठेवावा लागतो. तो श्रोत्यापाशी ठेवला तर भाषणाबरोबर मंडपातला कलकलाटही तेवढाच मोठा होतो. बूस्टरचे काम असेच आहे. वायर आणि स्प्लिटर यांतून जाऊन सिग्नल क्षीण झाला की तो गोंगाटाच्या पातळीच्या जवळ येतो, आणि त्या जागी २० डीबीने वाढवला तर गोंगाटही २० डीबीने वाढतो. शिवाय बूस्टर स्वतःचा काही गोंगाट त्यात घालतो. घरगुती बूस्टरच्या खोक्यावर नॉइज फिगर म्हणून जो चार-सहा डीबीचा आकडा असतो, तो याचाच. म्हणून बूस्टर लावायचाच असेल, तर केबल घरात शिरते तेथे, पहिल्या स्प्लिटरच्या आधी लावावा. तेथे सिग्नल अजून सशक्त असतो आणि पुढे होणारी घट आधीच भरून निघते.

दुसरी शक्यता अतिभाराची आहे आणि खालच्या मजल्यावर चित्र स्वच्छ असल्यास ती पडताळून पाहण्यासारखी आहे. बूस्टरमधून एक वाहक लहर जात नाही, एकाच वेळी पन्नास-साठ जातात. पन्नास लहरींची एकत्रित शक्ती एका लहरीपेक्षा सुमारे १७ डीबीने अधिक असते. हा भार झेपेनासा झाला की बूस्टरच्या आतच लहरींची एकमेकींत भेसळ होते. ती भेसळ मूळ फ्रीक्वेन्सींवर येऊन बसते आणि पुढे कोणत्याही उपकरणाने निघत नाही. स्ट्रेंथ ९५ आणि क्वालिटी मात्र पडलेली, असे दृश्य दिसले तर संशय येथेच घ्यावा. बूस्टरवर गेन असे लिहिलेला एक स्क्रू असतो. तो कमी करत न्यावा. गेन कमी केल्यावर चित्र सुधारले, तर निदान पक्के झाले. बूस्टरची क्षमता ३० डीबी आहे म्हणून ती पूर्ण वापरायची नसते. पुढच्या वायरीत व स्प्लिटरमध्ये जितकी घट होणार आहे तितकीच वाढ द्यावी, हा यातला साधा नियम आहे. चार टीव्हींच्या बंगल्यात ही घट सहसा १० ते १५ डीबीच्या घरात असते. स्लोप किंवा टिल्ट असा दुसरा स्क्रू असल्यास तो वरच्या फ्रीक्वेन्सीला खालच्यांपेक्षा अधिक उचल देण्यासाठी असतो. मीटरशिवाय त्याला हात लावू नये.

एका बूस्टरने भागत नाही म्हणून पुढे दुसरा लावण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नये. आणि याच केबलवरून मोडेमद्वारे इंटरनेट घेत असाल, तर साधा बूस्टर मुळीच चालणार नाही. मोडेम आपला निरोप ५ ते ६५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात उलट दिशेने पाठवतो आणि एकाच दिशेने चालणारा बूस्टर ती वाट बंद करतो. अशा घरी परतीचा मार्ग असलेला बूस्टर लागतो.

प्रश्न : दोन खोल्यांत टीव्ही आहेत, पण सेट टॉप बॉक्स एकच आहे. स्प्लिटर लावून दोन्हींवर वेगवेगळ्या वाहिन्या पाहता येतील का? पूर्वी येत होत्या.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : येणार नाहीत. पूर्वी येत होत्या त्या अॅनालॉग केबलच्या काळात, जेव्हा प्रत्येक वाहिनी उघडपणे आपल्या फ्रीक्वेन्सीवर धावत असे आणि टीव्हीतील ट्यूनर तिला थेट पकडत असे. मुंबईत ३१ ऑक्टोबर २०१२ आणि पुणे, नागपूर, नाशिक यांसारख्या शहरांत ३१ मार्च २०१३ ही डिजिटल केबलची मुदत ठरली. तेव्हापासून वाहिन्या कुलूपबंद स्वरूपात येतात आणि ते कुलूप आपल्या नावावर नोंदलेला बॉक्सच उघडतो. बॉक्सच्या आधी स्प्लिटर लावून दुसऱ्या टीव्हीपर्यंत वायर नेली तरी तेथे दुसरा बॉक्स लागतोच. बॉक्सच्या नंतर मात्र चित्राचे दोन वाटे करता येतात. एचडीएमआय स्प्लिटर आणून दोन्ही टीव्हींवर एकच वाहिनी पाहता येईल, अर्थात रिमोट कोणाच्या हाती हा प्रश्न शिल्लक राहतो.

प्रश्न : आमच्याकडे केबल नसून डीटीएच आहे. छतावरच्या एका छत्रीवर दोन बॉक्स चालवण्यासाठी केबलचाच टू-वे स्प्लिटर लावला. एक बॉक्स लावला की दुसऱ्यावरच्या काही वाहिन्या जातात. असे का?
— एक वाचक, लातूर

उत्तर : छत्रीवरून खाली येणारा सिग्नल ९५० ते २१५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात असतो आणि केबलच्या स्प्लिटरवर ५ ते १००० मेगाहर्ट्झ असे छापलेले असते, पण आपली खरी अडचण त्याहून वेगळी आहे. डीटीएचचा बॉक्स वायरवरून छत्रीच्या एलएनबीला, म्हणजे छत्रीसमोर बसवलेल्या सिग्नल पकडणाऱ्या भागाला, वीज पाठवतो आणि तिचे व्होल्टेज १३ की १८ यावरून कोणत्या ध्रुवणाचा, म्हणजे लहरीच्या कोणत्या दिशेचा, सिग्नल हवा ते सांगतो. एका एलएनबीला दोन बॉक्सकडून दोन वेगळ्या मागण्या गेल्या की दोहोंपैकी एकाचीच चालते, बहुधा १८ वाल्याची. त्यावर कोणताही स्प्लिटर अथवा बूस्टर हा उपाय नाही. दोन स्वतंत्र तोंडांचा एलएनबी बसवून प्रत्येक बॉक्सला वेगळी वायर द्यावी. घरे अधिक असल्यास एका छत्रीचा सिग्नल अनेक बॉक्सना पुरवणारा मल्टिस्विच लागतो.

प्रश्न : आमच्या इमारतीत दर पावसाळ्यात केबलचे चित्र जाते आणि दिवाळीच्या सुमारास आपोआप येते. केबलवाला गच्चीवरचा जोड सिलिकॉनने भरून जातो, तरी पुढच्या जूनमध्ये तेच.
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : जोडात शिरलेले पाणी जोडापुरते थांबत नाही. वायरच्या जाळीतून ते केशाकर्षणाने कित्येक मीटर आत जाते आणि ऊन पडल्यावर हळूहळू वाळते. आपला दिवाळीचा मुहूर्त त्यामुळे लागतो. जाळी आतून काळी किंवा मधली तार हिरवट दिसली, तर कनेक्टर बदलून भागणार नाही, स्वच्छ तांबे लागेपर्यंत वायर कापत जावे लागेल. बाजारात सर्रास मिळणारे, व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन जोडात भरू नये, कारण ते सुकताना अॅसेटिक आम्ल सोडते आणि तेच तांब्याला खाते. कोरड्या दिवशी नवा कनेक्टर बसवून त्यावर स्वतःलाच चिकटणारी रबरी पट्टी, ताणून, खालून वर अशी गुंडाळावी, म्हणजे तिचे पदर कौलांसारखे पडतात. जोडाच्या अलीकडे वायरला खाली लोंबणारा एक झोल ठेवावा. पाणी त्या झोलाच्या तळाशी ठिबकून जाते. घरात शिरणाऱ्या वायरलाही भिंतीच्या भोकाबाहेर असाच झोल हवा. गच्चीवर स्प्लिटर असेल, तर तो झाकणाच्या डब्यात, तोंडे खाली करून बसवून घ्यावा. जूननंतर यातले काहीच नीट होत नाही, त्यामुळे केबलवाल्याला मे महिन्यातच गाठावे.

प्रश्न : केबलवाल्याने आता घरापर्यंत फायबर आणून एक छोटा डबा बसवला आहे. त्यातून इंटरनेट मिळते आणि टीव्हीची जुनी वायरही त्यालाच जोडली आहे. पूर्वीचा बूस्टर तसाच ठेवावा का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : काढून टाकावा. त्या डब्यात प्रकाशाचे पुन्हा केबलच्या सिग्नलमध्ये रूपांतर होते आणि बाहेर पडणारी पातळी साधारण ७० ते ८० असते, जी तीन-चार टीव्हींना बूस्टरशिवाय पुरते. टीव्ही एकच असेल आणि वायर आखूड असेल, तर उलट ती जास्त होते. तेव्हा बॉक्सच्या तोंडाशी ६ किंवा १० डीबीचा अॅटेन्युएटर, म्हणजे सिग्नल घटवणारा छोटा जोड, लावावा. फायबरची पिवळी बारीक वायर फर्निचरच्या कडेला काटकोनात दुमडू नये आणि तिचे टोक उघडून डोळ्यांसमोर धरू नये. त्यातला प्रकाश दिसत नाही, पण तो असतो.

प्रश्न : केबलची पिन बॉक्सला लावताना हाताला झिणझिण्या येतात. बूस्टर लावल्यापासून हे वाढले आहे. धोका आहे का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : बॉक्स व बूस्टर यांचे अडॅप्टर दोन पिनांचे असतात, त्यांना अर्थिंग नसते. त्यांच्या आत गोंगाट गाळण्यासाठी जो कपॅसिटर असतो त्यातून अतिशय क्षीण प्रवाह बाहेरच्या धातूवर येतो. मीटरने पाहिल्यास शंभरच्या आसपास व्होल्ट दिसतात, पण प्रवाह मिलिअँपिअरच्या अंशाइतका असल्याने केवळ झिणझिण्या जाणवतात. स्प्लिटरच्या धातूमुळे सर्व वायरींच्या जाळ्या एकमेकींना जोडलेल्या असतात, त्यामुळे घरातल्याच नव्हे तर शेजाऱ्यांच्या बॉक्समधला असा प्रवाहही एकत्र येतो. बूस्टरने त्यात भर घातली, एवढेच. मुख्य स्प्लिटरच्या अर्थिंगच्या स्क्रूपासून घराच्या अर्थिंगपर्यंत तांब्याची तार इलेक्ट्रिशियनकडून जोडून घेतली की हे थांबते. मात्र ती पुढची तपासणी झाल्यावरच जोडावी.

बूस्टर, सर्व बॉक्स आणि सर्व टीव्ही यांचे प्लग भिंतीतून काढावेत. त्यानंतर पिनच्या धातूच्या भागाला टेस्टर लावून पाहावा. तो तरीही ठळकपणे पेटला, तर वीज बाहेरून येत आहे. ती शेजारच्या बॉक्सची असू शकते, पण जिन्यातल्या किंवा खांबावरच्या केबलच्या अॅम्प्लिफायरमध्ये इन्सुलेशन गेलेले असण्याची शक्यताही तितकीच आहे आणि त्यातून जीवघेणा धक्का बसू शकतो. अशा वेळी वायरला हात लावू नये, लहान मुलांना त्या खोलीत जाऊ देऊ नये, आणि केबलवाल्याला बोलावून अॅम्प्लिफायरचा वीजपुरवठा बंद करवून घेतल्यावरच पुढचे काम होऊ द्यावे.